झाकली मूठ आंतरजालावरची

(कुटुंब मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय समजला, तेव्हा पहिले हसू माझ्या घरातच फुटले. मी कला शाखेचा पदवीधर. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि एसटीच्या चालकाच्या हाती सोपवायची, अशा काळात मी पत्रकारितेत आलो. अशा माणसाने संगणकाच्या जाळ्यातील गोपनीयतेवर बोलावे, हा विनोदच वाटावा. परंतु जो प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आत आला आहे, तो समजून घेण्यासाठी अभियंताच असावे लागते असे नाही. माझ्या घरात हा प्रश्न एका पत्राच्या रूपाने आला. त्या पत्रापासूनच सुरुवात करतो.

एक पत्र आणि एक फोन

माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी जर्मनीत गेला. तेथे सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या घरी तो भाड्याने राहत असे. इंटरनेटची जोडणी आजींच्या नावावर, वापर दोघांचा. एके दिवशी आजींच्या नावे एका वकिली कार्यालयाचे जाडजूड पाकीट आले. अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटांनी, आपल्या जोडणीवरून अमुक चित्रपटाचे बेकायदा वितरण झाले, असे त्यात लिहिले होते. सोबत जोडणीचा आयपी पत्ता होता, फाइलचे नाव होते. पुन्हा असे करणार नाही, असे लेखी हमीपत्र द्या आणि सुमारे नऊशे युरो भरा, अन्यथा न्यायालयाची पायरी चढावी लागेल, असा त्याचा मथितार्थ. जर्मनीत अशा पत्राला ‘आबमानुंग’ म्हणतात. तेथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा शब्द बहुधा पहिल्याच वर्षी कानावर पडतो.

त्या रात्री भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला. “मामा, मी इथे आल्यापासून काहीही डाउनलोड केलेलं नाही हो. तो सिनेमा मी पुण्यात असताना घेतला होता. इथे लॅपटॉप फक्त चालू होता.”

तो खोटे बोलत नव्हता. आणि ते पत्रही खोटे नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचा उलगडा करून घेताना मला जे समजले, तेच आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

पंगतीचा नियम

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची सेवा सुरू झाली. लोक आपल्या संगणकातील गाणी परस्परांना देऊ लागले. परंतु कोणाकडे काय आहे याची यादी एका मध्यवर्ती ठिकाणी होती. त्यामुळे न्यायालयाने बडगा उगारताच २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या संगणकतज्ज्ञाने बिटटोरेंट नावाची पद्धत जगापुढे आणली. तिची कल्पना मोठी चतुर आहे. मोठ्या फाइलचे शेकडो तुकडे करायचे. ज्याच्याकडे जो तुकडा आला, त्याने तो लगेच दुसऱ्याला द्यायचा. ही जणू अशी पंगत, की जिच्यात प्रत्येक जेवणारा जेवता जेवता शेजाऱ्याला वाढतही असतो. मध्यवर्ती कोठीघरच नाही, तेव्हा कुलूप तरी कशाला लावणार?

परंतु पंगतीचा एक नियम असतो. पंगतीत बसलेल्याचा चेहरा सगळ्यांना दिसतो. आंतरजालावर आपला चेहरा म्हणजे आयपी पत्ता. त्याशिवाय तुकडा पोहोचवायचा कोठे? त्यामुळे त्या क्षणी तीच फाइल घेणाऱ्या वा देणाऱ्या संगणकांना एकमेकांचे आयपी पत्ते दिसतात. यात हॅकिंग नाही आणि हेरगिरीही नाही. ही त्या पद्धतीची रचनाच आहे. चित्रपट कंपन्यांनी नेमलेली माणसे त्याच पंगतीत निमूटपणे येऊन बसतात आणि पत्ते व वेळा टिपून घेतात. पुढे न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून त्या पत्त्यामागील ग्राहकाचे नाव मिळवले जाते. ग्राहक कोण? बिचाऱ्या आजी!

आता भाच्याचे काय चुकले, ते पाहा. त्याच्या लॅपटॉपमधील टोरेंटचा प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप सुरू होत असे. पुण्यात घेतलेला चित्रपट त्यात पडून होता. जर्मनीत लॅपटॉप आजींच्या वायफायला जोडला आणि हा प्रोग्राम मुकाट्याने इतरांना वाढू लागला. घेणे केव्हाच संपले होते. वाटणे चालूच होते. कायद्याच्या दृष्टीने अधिक गंभीर असते ते वाटणेच. अमेरिकेत २००९ मध्ये २४ गाण्यांच्या एका खटल्यात ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलरची भरपाई ठोठावली होती. पुढे अनेक फेऱ्यांनंतर ती २ लाख २२ हजार डॉलरवर आली. गाणी अवघी चोवीस!

पाकिटातले पाकीट

या प्रकारानंतर भाच्याने काय केले असेल? तरुण मंडळी करतात तेच. मित्राच्या सल्ल्याने एक फुकटचा व्हीपीएन मोबाइलवर आणि लॅपटॉपवर बसवला आणि मला अभिमानाने सांगितले, “मामा, आता कोणाला काही कळणार नाही.” मी म्हटले, “थांब. आधी हे काय आहे ते मला समजावून सांग.” समजावता समजावता त्याच्याच लक्षात आले, की त्यालाही ते पुरते समजलेले नाही.

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. समजा, आपण एक पत्र लिहिले, पाकिटात घातले आणि ते पाकीट दुसऱ्या मोहोरबंद पाकिटात घालून एका मध्यस्थाकडे पाठवले. मध्यस्थ बाहेरचे पाकीट फोडतो आणि आतले पाकीट स्वतःचा पत्ता घालून पुढे धाडतो. उत्तर त्याच्याकडे येते आणि तो ते पुन्हा मोहोरबंद करून आपल्याकडे पाठवतो. आपल्या गावच्या पोस्टमनला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, एवढेच दिसते की आपला या मध्यस्थाशी पत्रव्यवहार आहे. पलीकडच्याला दिसतो तो मध्यस्थाचा पत्ता. टोरेंटच्या पंगतीतही चेहरा दिसेल तो मध्यस्थाचा.

ही सोय मुळात चोरट्यांसाठी निर्माण झालेली नाही. कार्यालयाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या जाळ्यात सुरक्षितपणे येता यावे, ही तिची जन्मकथा. कोरोनाच्या काळात घरी बसून काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी व्हीपीएनमधूनच काम केले. हॉटेलमधील किंवा विमानतळावरील वायफाय वापरताना तो उपयोगी पडतो. आम्हा पत्रकारांना एखाद्या माहितीदाराची ओळख सांभाळायची असते, तेव्हाही तो अनेक साधनांपैकी एक साधन ठरतो. टोरेंट पद्धतसुद्धा जन्मतः पापी नव्हे. लिनक्ससारखी मुक्त संगणक प्रणाली आणि इंटरनेट आर्काइव्हवरील हजारो जुने ग्रंथ या पद्धतीने राजरोस व कायदेशीररीत्या मिळतात. सुरीने भाजीही चिरतात. दोष सुरीचा नसतो.

विश्वास कोणावर?

आता या विषयाचा गाभा. व्हीपीएनमुळे आपले गुपित नाहीसे होत नाही; ते फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जे आजवर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसत होते, ते आता त्या मध्यस्थाला दिसू शकते. मग मध्यस्थ कोण आहे, हा पहिला प्रश्न. जाहिरातीत प्रत्येक जण म्हणतो, “आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही.” इतिहास काय सांगतो?

२०११ मध्ये ब्रिटनमधील हाइडमायअ‍ॅस या व्हीपीएन कंपनीने न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्या नोंदी दिल्या आणि त्यावरून अमेरिकेत एका हॅकरला अटक झाली. २०१७ मध्ये एका महिलेचा ऑनलाइन छळ करणाऱ्या आरोपीच्या प्रकरणात प्युअरव्हीपीएन या कंपनीच्या नोंदी अमेरिकी तपास यंत्रणेच्या कामी आल्या. नोंदी ठेवत नसल्याचा गवगवा मात्र ही कंपनी करीत होती. दोन्ही ठिकाणी गुन्हेगार पकडले गेले, याचा आनंदच आहे. आपण त्यातून घ्यायचा बोध एवढाच, की जाहिरातीतील वाक्य आणि यंत्रातील वास्तव एकच असेल असे नाही. याउलट, एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी मुलव्हाड या कंपनीच्या कार्यालयावर झडती आदेश घेऊन धडक मारली, तेव्हा ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्याने त्यांना रिकाम्या हाती परतावे लागले. म्हणजे शब्द पाळणारेही आहेत. त्यांना ओळखायचे ते जाहिरातीवरून नव्हे, तर अशा प्रसंगांवरून आणि त्रयस्थांनी केलेल्या तपासणीवरून.

आणि फुकटचे काय? ‘फुकटचे ते पौष्टिक’ हे आपले लाडके वचन; येथे ते अंगाशी येते. २०१५ मध्ये होला या फुकट व्हीपीएनविषयी उघड झाले, की तो आपल्या ग्राहकांचीच जोडणी इतरांना वापरायला देत होता आणि त्या क्षमतेची विक्रीही होत होती. म्हणजे कोणा परक्याने केलेल्या उद्योगावर पत्ता तुमचा! फेसबुकने ओनावो नावाचा व्हीपीएन विकत घेतला होता. तो लोकांना संरक्षण देतो असे सांगितले जाई. प्रत्यक्षात लोक कोणकोणती अ‍ॅप वापरतात याची माहिती त्यातून गोळा होत होती. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातून तो काढावा लागला. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील व अन्य विद्यापीठांतील संशोधकांनी २८३ अँड्रॉइड व्हीपीएन अ‍ॅप तपासली. त्यांपैकी ३८ टक्के अ‍ॅपमध्ये घातक प्रोग्रामच्या खुणा आढळल्या आणि १८ टक्के अ‍ॅप माहिती कूटबद्ध न करताच पाठवत होती. बाहेरचे पाकीट मोहोरबंदच नव्हते! हे आकडे वाचून दाखवले, तेव्हा भाच्याने ते फुकटचे अ‍ॅप त्याच रात्री काढून टाकले.

छिद्रे आणि डागडुजी

चांगला मध्यस्थ मिळाला तरी घागरीला छिद्रे असू शकतात. पहिले छिद्र म्हणजे जोडणी तुटणे. व्हीपीएन क्षणभर तुटला, तर संगणक नेहमीच्या रस्त्याने धावू लागतो आणि खरा पत्ता उघडा पडतो. यासाठी ‘किल स्विच’ नावाची सोय असते. व्हीपीएन तुटताच ती सारी वाहतूक रोखते. अनेकदा ती आपण स्वतः चालू करावी लागते. क्यूबिटटोरेंटसारख्या प्रोग्राममध्ये तर केवळ व्हीपीएनच्या मार्गानेच वाहतूक करावी, असे बांधून ठेवता येते. दुसरे छिद्र डीएनएसचे. आपण संकेतस्थळाचे नाव टाकतो, तेव्हा ‘याचा पत्ता काय?’ असा प्रश्न संगणक कोणाला तरी विचारतो. तो प्रश्न बोगद्याबाहेरून गेला, तर आपण कोठे निघालो होतो ते कळतेच. तिसरे छिद्र आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचे. काही व्हीपीएन जुन्या पद्धतीची वाहतूकच तेवढी झाकतात. ही गळती तपासण्याची साधी साधने उपलब्ध आहेत. व्हीपीएन सुरू करून आपला पत्ता तपासावा, बंद करून पुन्हा तपासावा. दोन्ही वेळी तोच दिसला तर काहीतरी गळते आहे.

चौथे छिद्र सर्वांत मोठे, आणि ते आपण स्वतः. व्हीपीएन लावला आणि आपल्याच नावाच्या ईमेल खात्यात शिरलो, तर मुखवटा चढवून गळ्यात नावाची पाटी अडकवण्यासारखे झाले. शिवाय टोरेंटवरून आलेल्या फाइलमध्ये विषाणू असेल, तर व्हीपीएन त्याला अडवत नाही. मोहोरबंद पाकिटातून साप आला तरी तो सापच असतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज बहुतेक संकेतस्थळांशी आणि बँकांशी होणारी देवाणघेवाण मुळातच कूटबद्ध असते. व्हीपीएन नसेल तर कोणीही तुमचे बँक खाते लुटेल, हा जाहिरातींचा सूर अतिरंजित आहे. मराठी घरांतील पैसे आज लुटले जातात ते प्रामुख्याने फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यांकडून. तेथे व्हीपीएन काही करू शकत नाही. तेथे लागते ती सावध बुद्धी.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले, की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. ‘लपवण्यासारखे काही नाही, मग खासगीपण कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. आपण घराला दार लावतो, ते आत काही पाप चालले आहे म्हणून नव्हे. आजारपण, कर्ज, मुलीच्या स्थळाची बोलणी या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात, हे आपल्या आजीला कोणत्याही न्यायालयाशिवाय ठाऊक होते. झाकली मूठ सव्वालाखाची, ही म्हण उगीच रूढ झालेली नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच पडद्याआड दहशतवादी, बालकांचे शोषण करणारे आणि सायबर लुटारूही लपतात. म्हणूनच सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि वापराचा हेतू यांची नोंद ५ वर्षे ठेवावी, असे त्यात होते. कंपन्यांच्या अंतर्गत वापराचे व्हीपीएन त्यातून वगळण्यात आले. यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. राष्ट्राची सुरक्षा आणि नागरिकाचे खासगीपण यांचा तोल हा सोपा हिशेब नाही. सुरक्षेची गरज नाकारणे जितके भाबडेपणाचे, तितकेच साठवलेली प्रत्येक माहिती कायम सुरक्षितच राहील असे मानणेही भाबडेपणाचे. जी तिजोरी भरली जाते, तिच्यावर चोराचा डोळा असतोच.

आपल्या देशात व्हीपीएन वापरणे हा सरसकट गुन्हा नाही; मात्र जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत सुरक्षेच्या कारणास्तव वेळोवेळी तात्पुरत्या बंदीचे आदेश निघाले आहेत. ज्यांची मुले दुबईत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, की गुन्हा करण्यासाठी वा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास संयुक्त अरब अमिरातीत ५ लाख ते २० लाख दिऱ्हॅम इतका दंड होऊ शकतो. आणि आपल्याकडील स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. व्हीपीएन लावल्याने यातील एक अक्षरही बदलत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

पडदा आणि पाप

मित्रहो, मराठी चित्रपट काढणारा निर्माता अनेकदा घर गहाण ठेवून चित्रपट काढतो. पहिल्याच आठवड्यात त्याची प्रत मोबाइलवरून फिरू लागते आणि आपण ती आनंदाने पुढे पाठवतो. दुकानातून साखरेची पुडी न विचारता उचलणार नाही असा सज्जन माणूस चित्रपट मात्र निःसंकोच उचलतो, कारण समोर दुकानदार दिसत नाही. मराठी चित्रपट चालत नाहीत म्हणून सभेत हळहळायचे आणि घरी येऊन चोरीची प्रत पाहायची, हे आपल्या कोणत्या संस्कारात बसते?

तेव्हा घरी गेल्यावर चार गोष्टी अवश्य करा. मुलांच्या संगणकात टोरेंटचा प्रोग्राम आहे का, तो आपोआप सुरू होतो का आणि त्यातून काय वाटले जाते आहे, हे मुलांसोबत बसून पाहा. रागावण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. मोबाइलवर फुकटचे व्हीपीएन अ‍ॅप असेल तर काढून टाका. खरोखर गरज असेल तर नावाजलेली, त्रयस्थ तपासणी झालेली सेवा पैसे देऊन घ्या. घरच्या वायफायचा संकेतशब्द भक्कम ठेवा, कारण जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच. आणि आधार कार्ड, घराचे दस्त, वैद्यकीय अहवाल अशी कागदपत्रे पाठवताना संकेतशब्द लावून पाठवा आणि तो संकेतशब्द फोनवर वेगळा सांगा.

शेवटी, त्या पत्राचे काय झाले? आजींनी ते पत्र भाच्यासमोर ठेवले आणि शांतपणे विचारले, “हे तू केलेस का?” त्याला नाही म्हणता आले असते. आजींना संगणकातले काही कळत नव्हते. घरात कोणीही पाहुणा आला असेल, असे सांगून वेळ मारून नेता आली असती. परंतु तो म्हणाला, “हो, माझ्याच संगणकातून झाले. मला कळले नव्हते, पण चूक माझी आहे.” मग दोघे मिळून ग्राहक सल्ला केंद्रात गेले. तेथील सल्ल्याने हमीपत्राचा मसुदा दुरुस्त करून घेतला, रक्कम तडजोडीने कमी झाली आणि ती भाच्याने सुटीत काम करून फेडली. पुढची दोन वर्षे तो त्याच घरी राहिला. आजही आजींचा वाढदिवस तो विसरत नाही.

आपला आयपी पत्ता झाकण्याची साधने आज बाजारात मिळतात, आणि योग्य कारणासाठी ती जरूर वापरावीत. परंतु त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातील टेबलापाशी आजींनी प्रश्न विचारला, तेव्हा त्या मुलाच्या कामी कोणतेही साधन आले नाही. कामी आले ते त्याच्या आईने लहानपणी लावलेले वळण. आपल्या मुलांना व्हीपीएन आपल्याहून चांगला समजेल. हे वळण मात्र आपणच लावायचे आहे.